न्यूझीलंडच्या डेअरी फार्मवर नायट्रोजनचा हिशेब कसा ठेवायचा: १९०, १५० आणि वाफसा

इथं १ जूनला नोकऱ्या बदलतात, म्हणून मे महिना निम्मा झाला की दोन-तीन पोरांचे मेसेज येतातच. दादा, नवीन फार्मवर चाललोय, बॉस म्हणतोय एफ्लुएंट (शेडमधलं शेणामुताचं पाणी) आणि नायट्रोजनचं रेकॉर्ड तू बघायचंस, जरा सांग की कसं असतंय ते. दरवेळी प्रत्येकाला दहा-दहा मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, घरी चार म्हशी आणि उसाचं रान, इथं येऊन नऊ वर्षं झाली, आधी उत्तर बेटावरच्या वायकाटोत होतो आता दक्षिण बेटावरच्या कँटरबरीत आहे. हे लिहिलंय ते फार्मवर हातानं काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे असिस्टंट, हर्ड मॅनेजर वगैरे. मालकाला सल्लागार असतात, आपल्याला कोण नसतं.

सगळ्यात आधी डोक्यातनं हे काढा की नायट्रोजन म्हणजे युरियाची गोणी. खरी भानगड गाईच्या मुतात आहे. गाय एका जागी मुतते तेव्हा तेवढ्या चार चौरस फुटाच्या तुकड्यावर हेक्टरी हिशेबानं सातशे किलोच्या आसपास नायट्रोजन पडतो. गवताच्या बापाला पण तेवढा खाता येत नाही. उरलेल्याचा मातीत नायट्रेट होतो आणि नायट्रेट पाण्यात विरघळून सरळ खाली जातो. त्यात इथला पाऊसकाळ म्हणजे हिवाळा, थंडीत गवत वाढत नाही, म्हणजे प्यायला कोणी नाही आणि वरनं पाणी चालूच. कँटरबरीची जमीन तर काय, वर वीतभर माती आणि खाली नुसते गोटे, आपल्याकडच्या मुरमाड माळासारखी, पाणी ओतलं की गेलं. आणि खेड्यातली माणसं त्याच जमिनीतल्या बोअरचं पाणी पितात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजन लिटरला ११.३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, ती मर्यादा बाटलीचं दूध पिणारी तान्ही बाळं निळी पडतात म्हणून ठरलेली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात कँटरबरीच्या रिजनल कौन्सिलनं, म्हणजे पाणी-पर्यावरणाचे नियम बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, नायट्रेट इमर्जन्सीच जाहीर केली. तेव्हा गावात दुकानात गेलं की कोणतरी हाच विषय काढणार हे धरून चाला, आणि तिथं वाद घालू नका.

आता आकडे दोन, आणि नवीन पोरगं हमखास दोन्हीची खिचडी करतं. एक आहे १९०. तो देशभराचा नियम आहे, १ जुलै २०२१ पासून लागू, गवताच्या रानाला वर्षाला हेक्टरी १९० किलोपेक्षा जास्त रासायनिक नायट्रोजन टाकायचा नाही. ह्यात शेणाचं पाणी धरत नाहीत, कंपोस्ट धरत नाहीत, फक्त कारखान्यातलं खत. दुसरा आकडा एफ्लुएंटचा, म्हणजे शेडमधल्या शेणामुताच्या पाण्याचा, आणि तो तुमच्या कौन्सिलवर अवलंबून असतो. वायकाटोत वर्षाला हेक्टरी १५० किलो नायट्रोजन आणि एका वेळी २५ मिलिमीटरपेक्षा जास्त थर नाही. तुमच्या फार्मचा स्वतःचा कन्सेंट, म्हणजे कौन्सिलचा परवाना, असेल तर त्यात वेगळा आकडा असू शकतो, म्हणून पहिल्या दिवशी बॉसकडं तो कागद मागा. लाजू नका. मला पहिल्या फार्मवर तो कागद दीड वर्षानं दिसला, आणि तो पण फ्रीजच्या मागं पडलेला.

युरियाचा हिशेब

युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १९० किलो नायट्रोजन म्हणजे हेक्टरी साधारण ४१३ किलो युरिया, संपूर्ण वर्षात, १ जुलै ते ३० जून. कोटिंगवाला युरिया, तो हवेत कमी उडून जातो म्हणून महाग असतो, त्याची टक्केवारी पण जवळपास तेवढीच. अमोनियम सल्फेट साधारण २१ टक्के, डीएपी साधारण १८. पण पाठ केलेल्या आकड्यावर जाऊ नका, डिलिव्हरीच्या पावतीवर जे छापलंय तेच धरा, कारण इथं मिक्स खतं फार येतात आणि प्रत्येकाची टक्केवारी वेगळी.

माणूस कुठं फसतो ते सांगतो. समजा हेक्टरी ६५ किलो युरियाची एक पाळी. ६५ गुणिले ०.४६ म्हणजे २९.९ किलो नायट्रोजन. अशा सहा पाळ्या झाल्या की १७९.४. बॉस खूश, १९० च्या आत आहे. आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं की शरद ऋतूत नवीन गवत पेरलं तेव्हा त्या दोन पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या तुकड्यांत, हेक्टरी १०० किलो डीएपी गेलं होतं. झाले आणखी १८. बेरीज १९७.४. गेलो वर.

तुम्ही म्हणाल दोनच पॅडॉक आहेत की, पूर्ण फार्मची सरासरी तर आतच आहे ना. नाही, इथंच मेख आहे. सरासरी १९० च्या आत पाहिजेच, पण गवताच्या प्रत्येक हेक्टरवर पण १९० च्या आत पाहिजे. सवलत फक्त वर्षापुरत्या चाऱ्याच्या पिकाला, म्हणजे केल, टर्निप असलं जे गाईंना उभं चारतात त्याला. तिथं वर गेलं तर चालतं, पण मग बाकी रानात तेवढं कमी टाकून सगळ्याची सरासरी १९० मध्ये बसवायची. गवताला ती पण सवलत नाही. वर जायचंच असेल तर आधी कौन्सिलकडनं कन्सेंट काढावा लागतो आणि ते आपलं काम नाही. आणि रनऑफ म्हणजे कालवडींचं लांबचं रान जर मेन फार्मला लागून नसेल तर त्याचा हिशेब वेगळा धरतात, त्याची सरासरी ह्याच्यात मिसळायची नाही.

म्हणून नोंद पॅडॉकवार ठेवायची. महिन्याची बेरीज, टनाचा आकडा असलं काही कामाचं नाही. तारीख, पॅडॉक नंबर, किती हेक्टर, कुठलं खत, हेक्टरी किती किलो, त्यात नायट्रोजन किती, आणि आतापर्यंतची त्या पॅडॉकची बेरीज. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोणी भरत नाही. स्प्रेडर ट्रकवाला बाहेरचा असेल तर त्याच्या जीपीएसचा नकाशा मागून घ्या, रेव्हन्सडाउन ह्या खतकंपनीचं हॉकआय आणि बॅलन्स ह्या खतकंपनीचं मायबॅलन्स ह्या ॲपमध्ये तो बऱ्याचदा आपोआप येतो. पण फार्मचा स्वतःचा ट्रॅक्टर आणि मागं छोटा स्प्रेडर असेल तर ॲपला काय स्वप्न पडणार आहे का, तुम्ही टाकलं तर तुम्हीच लिहायचं. मी अजून कागदी वही वापरतो, शेडमध्ये व्हॅटच्या, म्हणजे दुधाच्या टाकीच्या, दाराला दोरीनं बांधलेली, पेन्सिल पण बांधलेली, कारण पेन ओल्या हातानं चालत नाही आणि मोबाइल शेणात पडतो.

युरिया कधी टाकायचा हे बॉस ठरवतो पण तुम्हाला कळलं पाहिजे, नाहीतर चुकीच्या दिवशी टाकलेला युरिया तुमच्या १९० मध्ये मोजला जातोच आणि गवत काय येत नाही. सकाळी नऊ वाजता १० सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान ६ अंशाच्या खाली चाललं असेल तर गोणी फोडू नका. एका पाळीला ५० किलो नायट्रोजनच्या वर कधीच नाही, ३० च्या आसपास बरं. टाकल्यावर आठ तासांत ५ ते १० मिलिमीटर पाऊस पडला तर सोनं, कँटरबरीत पिव्होट, म्हणजे चाकांवर फिरत पाणी देणारी लांब पाइप, फिरवून ते काम होतं. साधारणपणे एक किलो नायट्रोजन मागं दहा किलो सुकं गवत मिळतं असा हिशेब धरतात, थंडीत किंवा पाणी साचलेल्या रानात तेवढं कधीच मिळत नाही. आपल्याकडं ऊस पिवळा दिसला की युरिया फेकायची सवय असते ना, ती इथं विमानतळावरच सोडून यायची.

एफ्लुएंट, म्हणजे शेणकाल्याचं राजकारण

हे खरं काम. गाई दिवसातनं दोनदा शेडमध्ये येतात, यार्डात शेण टाकतात, आपण पाइपनं धुतो, ते सगळं पाणी दगडमाती अडवणाऱ्या सापळ्यातनं पाँडमध्ये, म्हणजे साठवणीच्या तळ्यात, जातं आणि तिथनं पंपानं रानात. ४०० गाईंचा फार्म धरा, गाईमागं दिवसाला ६० लिटर धुण्याचं पाणी, म्हणजे रोज २४ हजार लिटर, म्हणजे २४ घनमीटर. एका घनमीटरमध्ये साधारण ०.४ किलो नायट्रोजन. रोजचे साडेनऊ किलो झाले. २७० दिवस दूध काढलं तर २,६०० किलोच्या आसपास. १५० नं भागा, कमीत कमी १७ हेक्टर रान लागतं नुसतं हे पाणी जिरवायला. पोरं विचारतात एफ्लुएंट ब्लॉक एवढा मोठा कशाला, त्याचं उत्तर हे. ०.४ हा मी सोयीसाठी घेतलाय, वर्षातनं एकदा तरी पाँडचा नमुना लॅबला पाठवा कारण हिरवं गढूळ पाणी आणि तळातला गाळ ह्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

खरं तर रान १७ च्या बरंच जास्त घेतलेलं बरं, आणि त्याचं कारण नायट्रोजन नाही, पोटॅश आहे. शेणमुताच्या पाण्यात पोटॅश भरपूर. तेच ते चार पॅडॉक वर्षानुवर्षं पाजत राहिलं की तिथलं गवत पोटॅशनं भरतं आणि व्यायला झालेल्या गाई त्या गवतावर सोडल्या की मिल्क फिव्हर, म्हणजे आपला दुग्धज्वर, रांगेनं आडव्या. तेव्हा गाभण गाई एफ्लुएंट ब्लॉकवर नको, हे भिंतीवर लिहून ठेवा.

आता थर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा घनमीटर. दहा मिलिमीटरची पाळी दिली की शंभर घनमीटर, म्हणजे वरच्या हिशेबानं ४० किलो नायट्रोजन. १५० मध्ये वर्षाला अशा तीन पाळ्या आरामात बसतात, चौथी नाही. आणि त्या पॅडॉकला युरिया तेवढा कमी करायचा. नियम दोन वेगळे असले तरी गवत एकच आहे, त्याला काय माहीत नायट्रोजन गोणीतनं आला का गाईच्या मागनं आला.

इरिगेटर, म्हणजे हे पाणी रानात फवारणारं यंत्र, किती थर टाकतोय हे अंदाजानं सांगू नका, मोजा. सरळ बाजूच्या पाच-सहा बादल्या किंवा ट्रे त्याच्या वाटेवर आडव्या रांगेत ठेवायच्या, इरिगेटर वरनं जाऊ द्यायचा आणि पट्टी बुडवून मिलिमीटर बघायचे. फिरत्या हातांचा जुना इरिगेटर असेल तर मजा बघा, मधल्या बादलीत कमी आणि कडेच्या बादल्यांत जास्त, मेदुवड्यासारखं पडतं. सरासरी ९ असली तरी कडेला १५ पडत असतं. जास्त पडलं तर इरिगेटरचा वेग वाढवायचा. वर्षाच्या सुरुवातीला एकदा करा आणि फोटो काढून ठेवा, बघायला आलेल्या माणसाला फोटो दाखवला की अर्धा राग तिथंच जातो.

आणि आता वाफसा. इथले लोक ह्याला सॉइल मॉइश्चर डेफिसिट, म्हणजे माती अजून किती पाणी पिईल ते, म्हणतात, ओल मोजायचा प्रोब लावतात, ग्राफ बघतात, मॅसी युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ह्यावर बरंच काम केलंय की पाँडमध्ये पाणी साठवून ठेवा आणि माती पिऊ शकेल त्याच दिवशी सोडा. पण मला विचाराल तर आपल्या आजोबांना हे इंग्रजीशिवाय समजत होतं. वाफसा आल्याशिवाय कुळव घालत नाहीत तसं वाफसा आल्याशिवाय एफ्लुएंट सोडायचं नाही. माती मुठीत दाबली आणि बोटांतनं पाणी निघालं किंवा नुसता लगदा झाला तर पंपाकडं जाऊच नका. प्रोबचा आकडा सांगत असेल की माती अजून १२ मिलिमीटर पिईल, तर ८ टाका, १२ टाकू नका. रानात पाणी चकाकताना दिसलं की समजायचं चुकलं, आणि रस्त्यावरनं जाणाऱ्याला पण ते दिसतं. हेलिकॉप्टरमधनं तर फारच छान दिसतं, आणि कौन्सिलवाले वरनं पण बघतात.

पण वाफसा पाळायचा तर पाँडमध्ये जागा पाहिजे. गाई व्यायला लागतात जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हाच सगळ्यात ओलं, तेव्हाच माणसं झोपेविना, आणि तेव्हाच पाँड काठोकाठ. ह्याची तयारी मार्च-एप्रिलमध्ये करायची असते, रान कोरडं असताना पाँड तळापर्यंत उपसायचा. मार्चमध्ये बॉस म्हणेल नंतर बघू. त्याच्या मागं लागा. भरलेला पाँड घेऊन हिवाळ्यात जाणं म्हणजे पहिल्याच पावसात पिंजऱ्यात सापडणं, पाँड सांडला तरी गुन्हा आणि ओल्या रानात सोडलं तरी गुन्हा.

कँटरबरीत बऱ्याच ठिकाणी एफ्लुएंट पिव्होटमधनंच देतात, बोअरच्या पाण्यात मिसळून. तिथं पाणी उलटं बोअरमध्ये जाऊ नये म्हणून बॅकफ्लो प्रिव्हेंटर असतो. तो चालू आहे का, शेवटचं टेस्टिंग कधी झालं, एवढं विचारून ठेवा.

माझी स्वतःची फजिती

शेडच्या बाहेर एक चावी असते, डायव्हर्टर म्हणतात. गाई नसताना यार्डावर पडलेलं पावसाचं स्वच्छ पाणी उगीच पाँडमध्ये जाऊन पाँड भरू नये म्हणून ते चरीकडं वळवायचं, आणि दूध काढायच्या आधी चावी परत पाँडकडं फिरवायची. एवढंच. दुसऱ्या वर्षाला ऑगस्टमध्ये, त्या फार्मचं नाव सांगत नाही, रात्री अडीच वाजता एका गाईला वासरू अडलं होतं, ते ओढून काढलं, अंगावर सगळं घेऊन तसाच पहाटेच्या दुधाला उभा राहिलो. चावी फिरवायची राहिली. साडेसहाला उजाडायला लागलं तेव्हा टँकरच्या रस्त्याकडं बघितलं तर चरीत फेस. हिरवट पिवळा फेस, हळूहळू पुढं सरकत चाललेला, आणि चर पुढं शंभर मीटरवर ओढ्याला मिळते.

काय केलं ते सांगतो कारण तेच तुम्ही करायचंय. पहिलं, यार्डचं धुणं बंद, चावी फिरवली. दुसरं, फावडं घेऊन पळालो आणि चरीत बांध घातला. लहानपणी रात्री उसाला दारं धरली होती त्याचा इथं उपयोग झाला, चार मिनिटांत मातीचा बांध, वरनं सायलेजचं, म्हणजे मुरघासाचं, जुनं प्लॅस्टिक आणि दोन टायर. तिसरं, बॉसला फोन, झोपेतनं उठवून. चौथं, बॉसनं स्वतः कौन्सिलच्या नंबरला फोन करून सांगितलं. मला वाटलं आता मेलो, झाकता आलं असतं की. पण झाकलं असतं आणि शेजाऱ्यानं फोन केला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. बांधामागं तुंबलेलं पाणी स्लरी टँकरनं उचलून पाँडमध्ये टाकलं, ओढ्यात गेलं नव्हतं, फोटो दिले, लेखी ताकीद आली आणि विषय मिटला. दुसऱ्या दिवशी त्या चावीला मी लाल रंगाचा लांब दांडा वेल्ड करून घेतला, दांडा वर असला की चावी चरीकडं, शेडच्या आतनं कपं लावता लावता दिसतो.

हे हलक्यात घेऊ नका कारण इथल्या कायद्यात मुद्दाम केलं नाही हे उत्तर चालत नाही. पाणी गेलं की गेलं. मालकाबरोबर काम करणाऱ्यावर पण केस होऊ शकते. २०२५ मध्ये कायदा बदलून जास्तीत जास्त दंड माणसाला दहा लाख डॉलर आणि कंपनीला एक कोटी डॉलरपर्यंत नेलाय. कोर्ट एवढा लावेल असं नाही, पण शिक्षा नावावर लागली की व्हिसाच्या फॉर्ममध्ये ती सांगावी लागते, आणि आपल्यासारख्याला दंडापेक्षा ते जड.

बाकीचं थोडक्यात

कुंपण: दुधाच्या गाई एक मीटरपेक्षा रुंद ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात जाता कामा नयेत, आणि नवीन कुंपण काठापासून तीन मीटर आत. महिन्यातनं दोनपेक्षा जास्त वेळा ओढा ओलांडायचा असेल तर पूल किंवा कल्व्हर्ट पाहिजे. तुटलेली तार दिसली की त्याच दिवशी बांधा, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हिवाळी चराईचे, म्हणजे गाई केलच्या रानात ठेवायचे, देशपातळीचे नियम २०२४ च्या ऑक्टोबरात बरेच काढून टाकले, पण कौन्सिलचे स्वतःचे नियम आहेतच. सरकार बदललं की नियम हलतात, म्हणून जुलैत एकदा कौन्सिलच्या साइटवर जाऊन बघायचं. काही पाणलोटांत तर फारच कडक आहे, टाउपो तलावाच्या भोवती २०११ पासून प्रत्येक फार्मला नायट्रोजनच्या गळतीचाच कोटा ठरवून दिलाय, तिथं गाई वाढवायच्या म्हणलं तरी आधी कोटा बघावा लागतो. हा गळतीचा आकडा ओव्हरसीअर नावाच्या सॉफ्टवेअरमधनं काढतात. २०२१ मध्ये सरकारनं नेमलेल्या शास्त्रज्ञांनी त्याच्यावर चांगलीच टीका केली होती. पण तुमच्या कामाचा मुद्दा एवढाच की त्यात जातात त्या तुमच्याच वहीतल्या नोंदी. वहीत थापा तर आकड्यात पण थापा.

गाईच्या मुतातला नायट्रोजन कमी करायचा तर तिच्या तोंडाकडं बघावं लागतं. गाईला खाण्यात साधारण १६ टक्के प्रोटीन लागतं आणि वसंतातल्या कोवळ्या गवतात २५ च्या वर असतं. जादाचं सगळं मुतात. म्हणून मक्याचं सायलेज, ज्यात प्रोटीन ८ टक्क्यांच्या आसपास, ते बरोबर दिलं की उतारा पडतो. मका नुसता पोट भरायला देतात असं मला आधी वाटायचं.

दुसरी गोष्ट प्लँटेन. हे नाव ऐकून आमच्यातला एकजण केळीची बाग शोधायला लागला होता. इथलं प्लँटेन म्हणजे लांब पानांचं एक बुटकं रोप, आपल्या इसबगोलाच्या घराण्यातलं, त्याचं बी गवताबरोबर पेरतात. गाई आवडीनं खातात, लघवी जास्त आणि पातळ करतात, त्यामुळं एका जागी पडणारा नायट्रोजन कमी होतो आणि खाली जाणारा पण. मात्र दोन-तीन वर्षांत विरळ होतं, परत बी टाकावं लागतं, आणि रुंद पानाचं तणनाशक मारलं की तण जातं तसं हे पण जातं, हे फवारणीवाल्याला सांगायची जबाबदारी तुमची. आमच्या शेजारच्या फार्मवर सांगितलं नव्हतं.

कौन्सिलचा माणूस आला तर

न सांगता येतो. बूट धुवायला पाणी द्या, चहा विचारा, नाही म्हणेल. मागेल ते दाखवा: पाँड, पंप, इरिगेटर आता कुठं आहे, रानात पाणी साचलंय का, आणि वही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, बॉसचा नंबर द्या. आपल्या लोकांची सवय असते साहेब दिसला की सगळं एकदम भारी आहे म्हणायची, ती इथं अंगाशी येते, कारण तो आधीच ब्लॉकवर चक्कर मारून आलेला असतो. आणि काल रात्री बसून एकाच पेन्सिलनं एकाच हातानं भरलेली सहा महिन्यांची वही त्याला दुरनं ओळखू येते.

१ जून

शेवटचं, आणि ह्याच्यावर दर वर्षी भांडणं होतात. इथं नोकऱ्या आणि शेअरमिल्कर, म्हणजे दुधाच्या उत्पन्नात वाटा घेऊन फार्म चालवणारे, बदलतात १ जूनला, आणि नायट्रोजनचं वर्ष संपतं ३० जूनला. एक महिन्याची फट. रिपोर्ट कौन्सिलकडं ३१ जुलैपर्यंत जायला पाहिजे, म्हणजे जो माणूस भरणार तो बऱ्याचदा नवा आणि ज्यानं खत टाकलं तो गाडीत फ्रीज आणि कुत्रा भरून दुसऱ्या जिल्ह्यात. मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, गाई व्यायच्या ऐन धांदलीत, फोनाफोनी सुरू.

तेव्हा जाताना मेच्या शेवटी पॅडॉकवार बेरीज करून बॉसला ईमेल करा, वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून स्वतःकडं ठेवा, खताच्या पावत्यांचा गठ्ठा आणि खतकंपनीच्या ॲपचा पासवर्ड कोणाला दिला ते त्याच ईमेलमध्ये लिहा. नवीन ठिकाणी गेलात की उलटं, आधीच्याकडनं हेच मागून घ्या, अकरा महिन्यांचे आकडे हातात आल्याशिवाय आपली वही सुरू करू नका. आणि जूनमध्ये गाई आटलेल्या असतात, निम्म्या तर बाहेर चरायला गेलेल्या, युरिया कोणी टाकत नाही, तरी त्या महिन्याचा रकाना कोरा सोडू नका. शून्य लिहा आणि तारीख घाला.